सोडून दिलेले ढग

मंगळवेढ्याकडच्या मावशीच्या ओसरीवरून ऑगस्टमधले आभाळ मी लहानपणापासून पाहत आलो आहे. सकाळ कोरडी जाते. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास पश्चिमेकडून ढग येऊ लागतात. त्यांचा तळ सपाट, सुरीने कापल्यासारखा, आणि माथा फुलकोबीसारखा गुबगुबीत. त्यांची सावली ज्वारीच्या मोकळ्या रानांवरून सरकत जाते, अंगणात क्षणभर गार वाटते आणि पुन्हा ऊन पडते. मावशी म्हणायची, ''ढग तर रोज येतेत की रं. थांबत न्हाईत.''

त्या ढगांना थांबवून पाहण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न देशात जिने केला ती संस्था पुण्यात, पाषाणला आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी ती सुरू झाली तेव्हा हवामान खात्याचाच भाग होती आणि रामदुर्ग हाऊसमधून तिचा कारभार चाले. १९७१ साली ती स्वायत्त झाली. मोसमी पावसाचे अंदाज, हवामानबदल, विजा असे तिचे कितीतरी विषय आहेत. मला तिच्याबद्दल आदर आहे तो मात्र एका वेगळ्याच कारणासाठी. पेरण्याजोगे शंभराहून जास्त ढग तिने हाताशी असताना मुद्दाम सोडून दिले, आणि तेही दुष्काळी भागात.

हे नीट कळायला आधी ढगात डोकावावे लागते.

ढगातला थेंब साधारण २० मायक्रॉन व्यासाचा असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. पावसाचा मध्यम थेंब दोन मिलिमीटरचा. व्यासात शंभर पट, म्हणजे घनफळात दहा लाख पट. दहा लाख थेंब एकत्र आले तेव्हा कुठे एक टपोरा थेंब अंगणात पडतो. सगळे थेंब सारख्याच आकाराचे असतील तर ते सारख्याच वेगाने तरंगत राहतात आणि एकमेकांवर आदळत नाहीत. हवेत धूळ-धूर जास्त असला की असेच होते. तीच वाफ असंख्य कणांत वाटली जाते, थेंब बारीक राहतात आणि ढग न बरसता विरून जातो.

अशा ढगात थोडे मोठे थेंब तयार करून दिले तर? पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी ओलावते, खडे एकमेकांना चिकटतात, म्हणून घरोघरी त्यात तांदळाचे दाणे टाकतात. हवेतले पाणी ओढून घेण्याचा मिठाचा हा गुणच ढगपेरणीत कामाला येतो. विमान ढगाच्या तळाखालून उडते. जिथे हवा वर चढत असते तिथे पंखांवर बसवलेल्या नळकांड्या पेटवल्या जातात. त्यांच्या धुरातले कॅल्शियम क्लोराईडचे कण वाऱ्याबरोबर ढगात शिरतात, पाणी ओढतात, इतरांपेक्षा मोठे होतात आणि खाली येता येता वाटेतल्या बारीक थेंबांना गोळा करतात. उंच ढगांच्या गोठणबिंदूखालच्या भागासाठी सिल्व्हर आयोडाइड वापरतात. त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फाच्या स्फटिकासारखी असते, हे अमेरिकेत बर्नार्ड व्होनेगट यांनी १९४६ साली हेरले होते. दोन्ही प्रकारांत ढग आधी हवाच. कोरड्या आभाळातून कोणतेही विमान पाणी काढू शकत नाही.

आपल्याकडे हे प्रयत्न जुने आहेत. १९५१ साली टाटांनी पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला होता. आयआयटीएमचे मोठे काम मात्र बारामती परिसरातले. १९७३, १९७४, १९७६ आणि पुढे १९७९ ते १९८६ असे अकरा पावसाळे संस्थेची माणसे घाटाच्या पूर्वेकडच्या पर्जन्यछायेत विमानातून बारीक दळलेले मीठ पेरत राहिली. मिठाचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली असे. निवडलेल्या क्षेत्राचे दोन भाग केले होते आणि मध्ये एक पट्टा मोकळा ठेवला होता. आज कोणत्या भागावर पेरायचे हे यदृच्छेने ठरे. दुसऱ्या भागाला त्या दिवशी हात लावायचा नाही. अकरा पावसाळ्यांच्या हिशेबात पेरलेल्या बाजूला २४ टक्के जास्त पाऊस निघाला.

याच प्रयोगातली दुसरी नोंद मला त्या २४ टक्क्यांपेक्षा मोलाची वाटते. ढगाची जाडी किलोमीटरभर असेल आणि त्यात पुरेसे पाणी असेल तर मिठाचा उपयोग होतो. त्याहून पातळ ढगात मीठ टाकले तर तो विरण्याकडे झुकतो. म्हणजे चुकीचा ढग पेरला तर पाऊस वाढण्याऐवजी हाताशी असलेला ढगही जाऊ शकतो. विमान हाती आहे म्हणून दिसेल त्या ढगात मीठ टाकणाऱ्याने ही नोंद पाठ करावी.

संस्थेने २००९ साली 'कायपीक्स' हा नवा प्रकल्प हाती घेतला. पहिली काही वर्षे देशभर विमाने फिरवून ढग मोजण्यात गेली: थेंब किती, केवढे, हवेत कण कसले, वर चढणाऱ्या हवेचा वेग किती. २०१२ साली महाबळेश्वरला, चौदाशे मीटरच्या आसपास उंचीवर, ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे जुलैत दार उघडले की ढग घरात येतो. स्वेटरच्या लोकरीवर, भुवयांवर बारीक पांढरे थेंब बसतात, बोटाने पुसले की बोट ओले होते. आपण ज्याला धुके म्हणतो तो ढगच, आणि तो मोजायला विमान लागत नाही. याच डोंगरावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तोच वारा पुढे सोलापूरला पोचतो तेव्हा त्याच्याकडे पाचशे ते सातशे मिलिमीटरच उरलेले असतात.

म्हणून पेरणीच्या खऱ्या परीक्षेसाठी सोलापूर निवडले गेले. २०१८ आणि २०१९ चे पावसाळे. थारा प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखालच्या चमूकडे पेरणीसाठी एक विमान, मोजमापासाठी दुसरे, ढगांवर नजर ठेवायला रडार आणि जमिनीवर पर्जन्यमापकांचे जाळे होते. दोन हंगामांत २७६ ढग निवडले. ढग निवडला की तो पेरायचा की सोडायचा, हे निवडणाऱ्याच्या हाती ठेवलेले नव्हते. तसे ठेवले असते तर कोणताही माणूस नकळत जास्त भरदार ढग पेरायला घेतो, आणि मग तो बरसला याचे श्रेय मिठाला द्यायचे की ढगाच्याच ताकदीला, हे कधीच कळत नाही. त्यामुळे जवळपास दीडशे ढग पेरले गेले आणि सव्वाशेच्या आसपास सोडून दिले गेले.

२०१८ साल आठवा. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि सोलापूर जिल्ह्यातले तालुकेही त्यात होते. खाली रान तडकलेले, समोर पाण्याने भरलेला ढग, विमानात नळकांड्या तयार, आणि तरीही त्या ढगाला हात न लावता फक्त त्याची नोंद घ्यायची. गावातल्या माणसाला हे निष्ठुर वाटेल. मलाही आधी तसेच वाटले होते. पण तो सोडलेला ढगच पुढे साक्षीला उभा राहतो. त्याच्याशिवाय पेरलेल्या ढगाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

निकाल २०२३ साली अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसला. पेरणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने शंभर चौरस किलोमीटरचा विचार केला तर सरासरी वाढ सुमारे १८ टक्के निघाली. पाण्याचा खर्च पडला लिटरमागे १८ पैसे.

अठरा पैसे ऐकायला काहीच वाटत नाहीत, म्हणून मी शेताचा हिशेब मांडून पाहिला. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. अठरा पैशांनी त्याचे अठरा हजार रुपये होतात. एवढ्या एका पाण्यासाठी इतका खर्च कोरडवाहू ज्वारीला पेलणारा नाही. शिवाय हे पाणी पिकावर पडते तसे माळावरही पडते. दहा हजार लिटरच्या टँकरएवढे पाणी मात्र १,८०० रुपयांत पडते. पिण्याच्या पाण्याची ओरड असेल आणि तलावाच्या पाणलोटावर योग्य ढग येत असतील तर हा आकडा विचार करण्यासारखा आहे. माझे मत स्पष्ट आहे: ढगपेरणी चांगल्या पावसाळ्यात साठा वाढवायला उपयोगी पडेल, दुष्काळ पडल्यावर धावून येणारी ती गोष्ट नाही. दुष्काळात पेरण्याजोगे ढगच कमी असतात. आणि १८ टक्के वाढ होते ती मुळात जो पाऊस पडणार असतो त्यावरच.

महाराष्ट्रात २००३, २०१५ आणि २०१९ साली सरकारी खर्चाने कृत्रिम पावसाच्या मोहिमा झाल्या. विमाने उडाली, नळकांड्या जळल्या, अमुक गावांत सरी पडल्याच्या बातम्या आल्या. त्या मोहिमा निकडीपोटी होत्या आणि ती निकड खरी होती. पण दिसेल तो चांगला ढग पेरून टाकला की पडलेल्या पावसातला किती आपला आणि किती आभाळाचा, याचे उत्तर मिळण्याची वाटच बंद होते. सोलापूरच्या प्रयोगाने ती वाट कशी उघडी ठेवायची हे दाखवून दिले आहे, तेही आपल्याच मातीत आणि आपल्याच ढगांवर.

मावशी आता नाही. तिच्या ओसरीवरून ढग अजून तसेच जाताना दिसतात. पुढच्या टंचाईत तुमच्या जिल्ह्यात कृत्रिम पावसाची घोषणा झाली, तर विमान कधी उडणार एवढेच विचारू नका. किती ढग पेरले, किती सोडले आणि दोन्हींखाली किती पाऊस मोजला, हेही ग्रामसभेत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागा.