तीस म्हणजे तीस काय?

वाण्याच्या दुकानात जाऊन ‘दोन साखर द्या’ असे कुणी म्हटले, तर वाणी हातातले माप तसेच ठेवून विचारतो, ‘दोन काय? किलो की पोती?’ संगणक मात्र सहसा विचारीत नाही. ‘तीस थांब’ म्हटले की तो मुकाट्याने थांबतो. तीस काय, हे त्याच्या प्रणालीने आधीच ठरवून टाकलेले असते.

आणि हे ठरवणे सगळीकडे सारखे नाही. युनिक्स प्रणालीतली ‘स्लीप’ ही आज्ञा सेकंद मोजते. विंडोजमधली त्याच नावाची आज्ञा सेकंदाचा हजारावा भाग! तोच ३० चा आकडा एकीकडे अर्धा मिनिट थांबवतो, तर दुसरीकडे पापणी लवण्याआधी मोकळा होतो. २००९ साली जाहीर झालेल्या ‘गो’ या भाषेत तर कोरे ३० म्हणजे ३० नॅनोसेकंद. एका सेकंदात नॅनोसेकंद भरतात एक अब्ज.

आता आपल्या मोबाइलवर येणारा बँकेचा ओटीपी घ्या. त्याची पाच मिनिटांची मुदत कुणीतरी प्रोग्राममध्ये लिहिलेलीच असते. ते पाच सेकंद समजले गेले, तर आजोबांना चष्मा सापडेपर्यंत मुदत संपायची!

‘सी प्लस प्लस’ या भाषेने यावर काढलेला तोडगा मला मोठा घरगुती वाटतो. २०११ साली तिने कालावधी हा साध्या आकड्याहून निराळा प्रकार मानला. २०१४ साली एकक आकड्यालाच चिकटवून लिहिण्याची सोय आली: ३० ला ‘एस’ जोडले की तीस सेकंद, ५ ला ‘मिन’ जोडले की पाच मिनिटे, २ ला ‘एच’ जोडले की दोन तास. तिच्या नव्या थांबण्याच्या आज्ञेला नुसते ३० दिले, तर कंपायलर नावाचा दुभाषी प्रोग्राम पुढे सरकूच देत नाही. वाण्याचा प्रश्न अखेर यंत्राने विचारला म्हणायचा!

खरी बहार आहे ती सुट्या पैशांच्या हिशेबात. मिनिटांचे सेकंद करायला हा दुभाषी खुशीने तयार असतो, कारण त्यात काही गळत नाही. पण नव्वद सेकंद पूर्ण मिनिटांच्या खात्यात टाकायला जा. वरचे तीस बुडणार म्हणून तो हात आखडता घेतो. बुडाले तरी चालतील, असे प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्पष्ट लिहून द्यावे लागते. इतका चोख हिशेब आमच्या ओळखीच्या एकाही रिक्षावाल्याने ठेवलेला नाही.

दिवसांपाशी मात्र गंमत होते. २०२० साली या भाषेत ‘डी’ हे अक्षर आले खरे, पण १५ ला ‘डी’ जोडले तर अर्थ होतो पंधरा तारीख. पंधरा दिवसांचा अवधी हवा असेल, तर ‘डेज’ असा पुरा शब्द लिहावा लागतो. यावर आपण फार हसण्यात अर्थ नाही. आपले ‘आठ दिवसांनी या’ म्हणजे सातच दिवस, आणि ‘पंधरा दिवस’ म्हणजे चौदा. आणि शिंप्याने सांगितलेले आठ दिवस कोणत्या एककात मोजायचे, ते शिंपीच जाणे.