नळीतील रक्त आणि साखरेचा अहवाल

शरीरातून काढलेले रक्त नळीत गेले म्हणजे तेथील सर्व व्यापार थांबले, असे नव्हे. रक्तपेशी काही काळ जिवंत असतात व रक्तद्रवातील साखर वापरीत राहतात. साध्या नळीतील रक्त सामान्य तापमानात तसेच ठेवल्यास त्यातील साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम ही मधुमेहाची सीमारेषा होय. एखाद्याची १४० मिलिग्रॅम साखर चार तासांनी ११० च्या आसपास भरते आणि रोग अहवालात दिसतच नाही. यंत्र निर्दोष, तंत्रज्ञ कुशल, तरीही!

यासाठी फ्लोराइडयुक्त, करड्या बुचाची नळी वापरतात. परंतु फ्लोराइडचा पूर्ण प्रभाव पडण्यास एक-दोन तास जातात. म्हणून नमुना तत्काळ बर्फात ठेवून रक्तद्रव लवकर वेगळा करणे श्रेयस्कर. थंडावा मात्र सर्वच चाचण्यांना मानवत नाही. रक्तद्रव वेगळा न करता रक्त शीतकपाटात ठेवल्यास पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपून त्याचे प्रमाण वाढलेले दिसते. नळी जोराने हलवून पेशी फुटल्या तरी तेच घडते. असा लालसर नमुना नाकारून दुसरा मागविणे तंत्रज्ञाचे कर्तव्यच ठरते. नळीवर रुग्णाच्या नावासोबत रक्त काढल्याची वेळही लिहिलेली असावी.