सर्टिफिकेट वर्गाचं, परीक्षा सरकारची

अ‍ॅम्स्टलवीन, आइंडहोव्हन, द हेग. नेदरलँड्समध्ये मराठी माणसं जिथे जिथे आहेत, तिथल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की एक प्रश्न हमखास पडतो : "डचसाठी कुठला क्लास चांगला?" पाठोपाठ उत्तरांची रांग लागते. कुणी विद्यापीठाचं भाषाकेंद्र सुचवतं, कुणी लायब्ररीतला फुकट वर्ग, कुणाच्या मते फोनवरचं अ‍ॅप पुरतं आणि एखादा जुनाजाणता विचारतो की इथे डच लागतंच कशाला. यातलं प्रत्येक उत्तर कुणा ना कुणासाठी बरोबर असतं. अडचण एवढीच की डच कशासाठी हवंय हे विचारणारीने सांगितलेलं नसतं आणि उत्तर देणाऱ्यांपैकी कुणी विचारलेलंही नसतं.

त्या जुन्याजाणत्यापासूनच सुरुवात करू. "इथे सगळ्यांना इंग्रजी येतं" हे काही खोटं नाही. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांच्या, ईएफ या संस्थेच्या इंग्रजी-प्रावीण्य निर्देशांकात नेदरलँड्स कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर राहिला आहे. सुपरमार्केट, बँक, आयटी कंपनी इथे इंग्रजीवर निभावतं. पण गेमेंटेचं, म्हणजे नगरपालिकेचं, पत्र डचमध्ये येतं. कर खात्याचा तो प्रसिद्ध निळा लिफाफाही डचच बोलतो. शाळेतली दहा मिनिटांची पालकभेट बहुतेक ठिकाणी डचमध्येच होते. आणि खरा फटका नोकरीवर आलेल्या माणसापेक्षा त्याच्या जोडीदाराला बसतो. उच्चकुशल व्हिसावर, इथल्या भाषेत केनिसमिग्रांट म्हणून, आलेल्याच्या जोडीदाराला काम करण्याची मोकळी परवानगी असते. पण पुण्यात शाळेत शिकवणाऱ्या बाईंना किंवा नाशकात दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्याला त्या परवानगीचा डचशिवाय फारसा उपयोग होत नाही. परदेशी पदवी असलेल्या डॉक्टर-दंतवैद्यांना इथल्या वैद्यकीय नोंदणीसाठी डच येत असल्याचा पुरावा द्यावाच लागतो.

याच्या अगदी उलट टोकाची अफवाही तितकीच जोरात चालते : "इनबर्गरिंग सगळ्यांना सक्तीचं आहे, तीन वर्षांत पास झालं नाही तर दंड." तीन वर्षांची मुदत आहे, दंडही आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही. १ जानेवारी २०२२ रोजी इनबर्गरिंगचा, म्हणजे नवागतांनी इथल्या समाजात सामावण्याचा, नवा कायदा लागू झाला आणि भाषेची अपेक्षित पातळी युरोपीय मोजपट्टीवर ए२वरून एक पायरी वरच्या बी१वर गेली. ही सक्ती प्रामुख्याने आश्रय मिळालेल्यांवर आणि डच नागरिकाशी किंवा इथल्या कायम रहिवाशाशी लग्न करून आलेल्यांवर आहे. केनिसमिग्रांट, त्याचं कुटुंब आणि युरोपीय संघाचे नागरिक तिच्यात येत नाहीत. लग्न करून येणाऱ्या भारतीय मुलीला किंवा मुलाला तर निघण्याआधीच दूतावासात ए१ पातळीची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. केनिसमिग्रांटच्या पत्नीला ती नसते. दोन मैत्रिणी एकाच विमानाने आल्या तरी एकीला सरकारचं पत्र येतं, दुसरीला येत नाही, ते याचमुळे.

मग सक्ती नसलेल्यांनी निवांत बसावं का? पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज करायची वेळ आली की परीक्षा त्यांच्याही दाराशी येते. स्वेच्छेने बसणाऱ्यांना आजवर ए२ पुरत आलं आहे. मात्र हा विषय इथल्या राजकारणात सतत तापलेला असतो, म्हणून गटावरच्या कुणाच्या भावोजींच्या अनुभवावर न जाता अर्जाच्या वेळचा नियम आयएनडीच्या, म्हणजे स्थलांतर खात्याच्या, संकेतस्थळावर स्वतः वाचावा.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. वर्ग संपला, शाळेने सुबक सर्टिफिकेट दिलं, त्यावर ठळक अक्षरांत 'बी१' लिहिलं, म्हणजे काम झालं! झालेलं नसतं. ते सर्टिफिकेट वर्गाला हजेरी लावल्याचं, फार तर शाळेची अंतर्गत चाचणी पास झाल्याचं. इनबर्गरिंगची परीक्षा डूओ ही सरकारी संस्था घेते. तिच्यात वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे भाषेचे चार भाग आणि जोडीला डच समाजाच्या माहितीचा केएनएम हा पेपर असतो. दुसरी वाट एनटी२, म्हणजे 'दुसरी भाषा म्हणून डच', या राज्यपरीक्षेची : प्रोग्राम एक म्हणजे बी१, प्रोग्राम दोन म्हणजे बी२. ती पास झालेल्यांना इनबर्गरिंगचे भाषेचे भाग वेगळे द्यावे लागत नाहीत. डच माध्यमातून विद्यापीठात शिकायचं तर सहसा प्रोग्राम दोनच मागतात. यातल्या कुठल्याही परीक्षेला बसण्यासाठी अमुक वर्ग केलाच पाहिजे अशी अट नाही. घरी अभ्यास करून थेट परीक्षा देणारे लोक आहेत, आणि सरावाचे अधिकृत पेपर इंटरनेटवर फुकट मिळतात. माझा आग्रह असा की वर्ग शोधण्याआधी एका रविवारी ते पेपर उघडून बसावं. आपल्याला कुठे पोचायचंय हे त्या दोन तासांत जेवढं कळतं तेवढं कुठल्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

गुणवत्तेच्या शिक्क्याबद्दलही असाच घोळ आहे. 'ब्लिक ऑप वेर्क' या संस्थेचं मानचिन्ह असलेली शाळाच खरी, बाकी सगळ्या बोगस, असं सांगणारे भेटतात. लग्न करून आलेल्यांना वर्गाचा खर्च स्वतः करावा लागतो आणि त्यासाठी डूओकडून कर्ज घ्यायचं असेल तर हे मानचिन्ह असलेलीच शाळा निवडावी लागते, एवढं खरं. ज्यांना ना सक्ती ना कर्ज, त्यांच्यासाठी तो अनेक निकषांपैकी एक. आश्रय मिळालेल्यांच्या वर्गाची सोय नव्या कायद्याप्रमाणे गेमेंटेच करते.

"तीन महिन्यांत बी१" या जाहिरातीचं काय करायचं? थोडा हिशेब मांडू. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषासंस्थेने डचला इंग्रजीभाषकांसाठी सर्वांत सोप्या गटात ठेवलंय. त्या सोप्या गटालाही व्यावसायिक वापरापर्यंत पोचायला वर्गातले ६०० ते ७५० तास धरले आहेत, तेही पूर्णवेळ शिकणाऱ्या, निवडून घेतलेल्या अधिकाऱ्यांसाठी. बी१ त्याच्या बरंच अलीकडे येतं, हे मान्य. पण आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन-दोन तास म्हणजे चार तास. तीन महिन्यांचे होतात पन्नासच्या आसपास. एवढ्यात शून्यावरून बी१ होत नाही, शिक्षक कितीही हुशार असला तरी. जाहिरातीत किती आठवडे लिहिलेत याला महत्त्व नाही. वर्गाचे तास किती आणि घरच्या अभ्यासाचे किती गृहीत धरलेत, हे विचारावं. दुसऱ्या प्रश्नाला "फारसे नाहीत" असं उत्तर देणारी शाळा मी तरी टाळेन.

घरच्या अभ्यासावर तर काही पद्धती उभ्याच आहेत. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात रुजलेली 'डेल्फ्ट पद्धत' घ्या. पहिल्या दिवसापासून सगळं डचमध्ये. मजकूर आणि त्याचं ध्वनिमुद्रण घरी पुन्हा पुन्हा ऐकून वर्गात यायचं आणि वर्गात बोलायचं. ज्याने घरी ऐकलं नाही त्याच्यासाठी तो वर्ग म्हणजे निव्वळ शिक्षा, ज्याने ऐकलं तो झपाट्याने पुढे जातो. ऑफिसमधून सातला परतून पोरांची जेवणं उरकणाऱ्या आईला ती झेपेल का, हा प्रश्न बुद्धीचा नाही, घड्याळाचा आहे. दुसऱ्या टोकाला फ्यूख्त गावातली रेगिना चेली ही संस्था. १९६३मध्ये नन्सनी सुरू केली म्हणून आजही लोक 'फ्यूख्तच्या नन्स' म्हणूनच तिला ओळखतात. तिथे आठवडाभर मुक्काम ठोकून दिवसभर एकास एक शिकायचं. खर्च हजारो युरोंत जातो, तो बहुधा कंपनीच भरते. स्वतःच्या खिशातून कुणी तिथे जावं असं मी सुचवणार नाही. पण कंपनीत प्रशिक्षणासाठी निधी असतो का, हे विचारायला पैसे पडत नाहीत, आणि आपली मंडळी नेमकं तेच विचारायला संकोचतात.

एक गोष्ट ऐकताना खटकते पण कामाची आहे. इथल्या शाळा विद्यार्थ्यांची विभागणी आधीच्या शिक्षणावरून करतात. 'उच्चशिक्षितांसाठी' असा वर्ग दिसला की कुणाला तो मिरवण्याचा प्रकार वाटतो, कुणाला भेदभावाचा. कारण साधं आहे : ज्यांना व्याकरणाचे तक्ते, पुस्तकं, परीक्षा यांची सवय आहे त्यांचा वेग वेगळा असतो, ज्यांना लॅटिन लिपीही नवी आहे त्यांचा वेगळा. एकत्र बसवलं तर दोघांचेही हाल. प्रवेशाआधी मुलाखत किंवा चाचणी न घेता पैसे घेणारी शाळा असेल तर वर्गात कोण कोण असेल ते तिलाही ठाऊक नसतं. वर्गात कुठलं पुस्तक वापरतात हेही विचारावं. 'नेडरलांड्स इन गांग' शून्यापासून ए२पर्यंत नेतं आणि शिकण्याची सवय असलेल्यांना मानवतं. त्याच्या पुढचं 'नेडरलांड्स इन आक्सी' बी१चं. 'ताल कोम्प्लेट' दिसलं तर वर्गाचा रोख इनबर्गरिंगकडे आहे असं समजावं.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात. ड्युओलिंगोवर २०१४पासून डच आहे. शब्द जमवायला ते ठीक. दिवसांची अखंड साखळी टिकवण्यात माणूस रमतो, पण काउंटरपलीकडची बाई वेगाने बोलू लागली की त्या साखळीचा उपयोग होत नाही.

"आता या वयात कुठे जमणार? पोरं बघा, सहा महिन्यांत पोपटासारखी बोलतात." हे वाक्य नेदरलँड्समधल्या प्रत्येक मराठी घरात ऐकू येतं, आणि गंमत म्हणजे त्याची तपासणी नेमकी डचच्या बाबतीतच झालेली आहे. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफ्नाखेल-ह्योले यांनी १९७८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेदरलँड्समध्ये येऊन डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांची वर्षभरात वेळोवेळी चाचणी घेतली होती, अगदी तीन वर्षांच्या मुलांपासून प्रौढांपर्यंत. पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांत वेगाने पुढे गेले ते बारा ते पंधरा वयाची मुलं आणि प्रौढ. वर्षअखेर आघाडी होती आठ ते दहा आणि बारा ते पंधरा या गटांकडे. सर्वांत कमी गुण तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पडले. उच्चारात पोरं पुढे जाऊन आईबापांना मागे टाकतात, आणि त्यांना दिवसभर डच शाळा मिळते हेही आहेच. पण सुरुवातीला मोठ्यांचं डोकं चालत नाही, ही निव्वळ सबब आहे.

मराठी बोलणाऱ्याला तर दोन-तीन गोष्टी आयत्या मिळतात. इंग्रजीभाषक विद्यार्थी 'दे' आणि 'हेत' या नामांच्या दोन गटांवरून डोकं धरून बसतो. टेबल 'ते' आणि खुर्ची 'ती' यात वाढलेल्या आपल्याला निदान धक्का तरी बसत नाही (पाठ करावं लागतंच). चोवीस म्हणताना डच माणूस आधी चार म्हणतो, मग वीस, आपणही तसंच. आणि 'कारण'ने सुरू होणाऱ्या डच पोटवाक्यात आपल्यासारखंच क्रियापद थेट शेवटी जाऊन बसतं : कारण मी उद्या बाजारात जाते. इंग्रजीतून विचार करून डच लिहिणारे नेमके इथे चुकतात. म्हणून शिक्षकाला इंग्रजी उत्तम यायला हवं, या हट्टात फार अर्थ नाही.

"पास झालं की बोलता येतंच." ही समजूत परीक्षेचं स्वरूप पाहिलं की गळून पडते. संभाषणाच्या परीक्षेत समोर माणूसच नसतो. कानाला हेडफोन, पुढे संगणक, मोजका वेळ आणि मायक्रोफोनमध्ये दिलेलं उत्तर. त्यात उत्तम गुण मिळवलेला माणूस हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, फोन लावतो तेव्हा पलीकडून सहायिका आधी जन्मतारीख विचारते. तोंडपाठ असते, सांगितली जाते. मग ती विचारते, ताप कधीपासून, औषध काय दिलं, मूल पाणी पितंय का, आणि उत्तर अडखळलं की पुढच्याच श्वासात इंग्रजीवर येते. हा डच लोकांचा सौजन्याचा भाग, शिकणाऱ्याच्या मात्र मुळावर येणारा. "मला डचमध्येच बोलायचंय, जरा सावकाश बोलाल का" हे वाक्य पहिल्याच आठवड्यात पाठ करावं. बहुतेक जण खुशीने थांबतात.

आणि इथेच लायब्ररीतल्या त्या फुकट वर्गाची किंमत कळते. फुकट म्हणजे निकृष्ट असं धरून लोक तो वगळतात. अनेक गावांच्या लायब्ररीत 'तालहाउस' असतं, भाषाकॅफे भरतात, स्वयंसेवक भाषासोबती मिळतो : बहुधा निवृत्त डच काका किंवा काकू, आठवड्यातून एकदा कॉफीवर तासभर गप्पा. व्याकरण पद्धतशीर शिकण्याची ती जागा नाही, शिवाय काही गेमेंटेंचे वर्ग ठराविक गटांसाठीच असतात, ते आधी विचारून घ्यावं. पण महागड्या वर्गात बाराजणांमध्ये वाट्याला पाच मिनिटं बोलणं येत असेल, तर इथे पूर्ण तास तुमचा. माझ्या मते परीक्षेपुरता एक रीतसर वर्ग आणि बोलण्यासाठी असा एक सोबती ही जोडी कुठल्याही एकट्या महाग कोर्सपेक्षा बरी.

राहता राहिले पैसे. विद्यापीठांच्या केंद्रांत एका पातळीचा खर्च सहज काही शे युरोंच्या घरात जातो आणि चार पातळ्या एकदम घेतल्या की सवलत देणारी केंद्रंही असतात. सवलत मोहात पाडते, पण पहिल्या पातळीनंतर वर्ग सोडणारे थोडे नसतात. म्हणून एकेकच घ्यावी. गट भरला नाही तर वर्ग रद्द होणार का आणि पैसे परत मिळणार का, हे सही करण्याआधी वाचून घ्यावं. नोंदणी ऑनलाइन झाली असेल तर युरोपीय ग्राहक कायद्यानुसार सहसा १४ दिवसांत ती मागे घेता येते. मात्र त्या १४ दिवसांतच वर्ग सुरू करायला तुम्ही होकार दिला असेल, तर झालेल्या तासांचे पैसे शाळा कापून घेऊ शकते.