पपनसाचं सरबत आणि सहा पंच

मुलांनो, गेल्या महिन्यात आमच्या वर्गात एक खटला चालला. वरकुट्याची मुलं भांडणात कुणाला हार जाणारी नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. झालं काय, की एकाची कंपासपेटी हरवली. त्यानं लगेच शेजारच्याकडं बोट केलं. "बाई, ह्यानंच घेतली. हा नेहमीच असं करतो!" मग ठरलं की सहा पंच नेमायचे. पंच कोणी नेमले? तर ज्याची पेटी हरवली त्यानंच! निकाल काय लागला असेल? तीन म्हणाले घेतली, तीन म्हणाले नाही घेतली.

मला हसू आलं आणि एक जुनी गोष्ट आठवली. ती मी वर्गात सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते. ही गोष्ट मात्र अगदी खरी आहे, बरं का.

रत्नागिरी जिल्ह्यात देवरुख नावाचं गाव आहे. तिथल्या राजवाडे घराण्यात २० डिसेंबर १८१९ रोजी दिनकरराव जन्मले. त्यांचे वाडवडील ग्वाल्हेरला शिंद्यांच्या चाकरीत होते. तुम्ही म्हणाल, कुठं कोकण आणि कुठं ग्वाल्हेर! पण त्या काळी आपल्याकडची माणसं अशीच दूर दूर जाऊन राहिली होती. ग्वाल्हेरचे शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे आणि बडोद्याचे गायकवाड आपल्या पुणे जिल्ह्यातल्या दावडीचे. त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, वैद्य, पुराणिक सगळेच गेले. नकाशा काढा आणि ही गावं शोधा. आईबाबांनाही बसवा शेजारी.

दिनकरराव पंधराव्या वर्षी नोकरीला लागले. म्हणजे तुमच्या दहावीतल्या दादाएवढे. पुढं एका मोठ्या प्रांताचा कारभार त्यांच्याकडं आला आणि १८५१-५२ च्या सुमाराला ते दिवाण झाले. दिवाण म्हणजे संस्थानाचा मुख्य कारभारी, आजच्या मुख्यमंत्र्यासारखा समजा. ग्वाल्हेरची स्थिती तेव्हा काय होती? १८४३ साली शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी महाराजपूर आणि पनिहार इथं एकाच दिवशी पराभव केला होता. तिजोरी रिकामी, शिपाई चिडलेले, आणि शेतसारा वसूल करणारे मक्तेदार मोकाट सुटलेले.

हा मक्ता काय प्रकार होता, ते समजून घ्या. समजा, सरकारला एखाद्या भागातून दहा हजार रुपये हवेत. एखादा सावकार ते आधीच भरून टाकायचा. मग त्या भागातून तो पंधरा हजार काढो नाहीतर वीस, विचारणारं कोणी नाही! शेतकऱ्याचं काय होत असेल, ते शेतकऱ्याच्या मुलांना मी वेगळं सांगायला नको. दिनकररावांनी हे मक्ते बंद केले. सारा गोळा करायला पगारी अधिकारी नेमले. जाचक कर काढून टाकले. पोलीस, महसूल, न्याय ह्यांचे नियम लिहून काढले. त्या नियमांच्या पुस्तकाला 'दस्तूर-उल-अमल' म्हणत. खर्च कमी करायचा म्हणून पगार कापले, त्यात स्वतःचाही कापला. तोट्यातलं संस्थान शिलकीत आलं.

सारा जास्त झाला की काय होतं, हे आमच्या इंदापूर तालुक्यानंही पाहिलं आहे. १८३० च्या सुमाराला प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं जो सारा बसवला तो लोकांना झेपेना. माणसं गावं सोडून गेली, शेतं ओस पडली. मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी नव्यानं मोजणी करून तीस वर्षांसाठी कमी सारा ठरवला. मुंबई इलाख्यातली ती नवी पद्धत आमच्या तालुक्यापासून सुरू झाली, हे सांगताना आम्हा इंदापूरकरांची मान जरा ताठ होते!

आता गोष्टीतला अवघड भाग येतो. १८५७ चा उठाव झाला, तेव्हा दिनकरराव इंग्रजांच्या बाजूनं राहिले. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरवर आले, तेव्हा शिंद्यांचं बहुतेक सैन्य त्यांना जाऊन मिळालं. जयाजीराव शिंदे आणि दिनकरराव आग्र्याला निघून गेले. त्याच महिन्यात राणी ग्वाल्हेरजवळ लढता लढता पडली. हे वाचून तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. माझ्याही पडते. पण इतिहासातली माणसं आपल्याला हवी तशी कापून घेता येत नाहीत.

पुढं महाराजांशी पटेनासं झालं आणि १८५९ च्या अखेरीस त्यांनी दिवाणगिरी सोडली. इंग्रजांनी मात्र त्यांना मोठा मान दिला. १८६२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात पहिल्यांदा तीन हिंदी माणसं बसली. एक पतियाळाचे महाराज, दुसरे बनारसचे राजे आणि तिसरे आपले देवरुखचे दिनकरराव. पुढं त्यांना 'सर' ही पदवी मिळाली.

आणि मग आलं ते सरबताचं प्रकरण.

बडोद्याला १८७० पासून मल्हारराव गायकवाड राज्य करत होते. कारभार वाईट होता, हे आधीच मान्य करून टाकू. तक्रारी इतक्या झाल्या की १८७३ मध्ये इंग्रजांनी मीड साहेबांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमलं. मल्हाररावांनी दादाभाई नौरोजींना दिवाण म्हणून आणलं, पण त्यांनाही तिथं नीट काम करता आलं नाही आणि जानेवारी १८७५ मध्ये ते सोडून गेले. बडोद्यातले इंग्रज रेसिडेंट होते कर्नल फेअर. त्यांचं आणि मल्हाररावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य! २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून सरळ मागणी केली, की ह्या रेसिडेंटला इथून हलवा.

त्यानंतर आठवडाभरात, ९ नोव्हेंबरला, सकाळी फिरून आल्यावर फेअर साहेबांनी नेहमीचं पपनसाचं सरबत घेतलं. दोन-तीन घोट घेतले आणि बरं वाटेना, म्हणून उरलेलं फेकून दिलं. बघतात तो पेल्याच्या तळाशी गाळ! तपासणीत निघाला सोमल आणि हिऱ्याची पूड. मुंबईचे पोलीस कमिशनर सूटर तपासाला आले. रेसिडेंटच्या घरचा हवालदार रावजी आणि मल्हाररावांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत ह्यांनी सांगितलं, की विष महाराजांच्या हुकमावरून घातलं. दोघांनाही माफीचं आश्वासन मिळालं होतं, हे लक्षात ठेवा.

व्हाइसरॉय नॉर्थब्रुक ह्यांनी मल्हाररावांना अटकेत ठेवलं आणि सहा जणांचं न्यायमंडळ नेमलं. तीन इंग्रज : कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच हे अध्यक्ष, शिवाय तेच मीड साहेब आणि मेलव्हिल. तीन हिंदी : जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. गंमत पाहा, ज्या धन्याशी बिनसून दिनकररावांनी नोकरी सोडली, तोच आता शेजारच्या खुर्चीवर! आणि विष ज्यांच्या माणसाला घातलं, त्यांनीच पंच नेमलेले. आमच्या वर्गात ह्या ठिकाणी मुलं एकदम एकमेकांकडं बघायला लागली.

२३ फेब्रुवारी १८७५ ला बडोद्यात खटला सुरू झाला. मल्हाररावांच्या बाजूनं लंडनहून बॅलंटाइन नावाचे गाजलेले वकील आले होते. त्यांनी साक्षीदारांना उलटसुलट विचारून भंडावून सोडलं. त्यांच्या बोलण्यातला मुख्य धागा असा : ज्यांनी साक्ष दिली त्यांना स्वतःची मान सोडवून घ्यायची होती, आणि ज्यानं साहेबाची बदली मागणारं पत्र नुकतंच धाडलं, तो त्याला विष कशाला घालील?

आता दिनकररावांच्या जागी बसून बघा. सगळं आयुष्य इंग्रजांच्या भरवशावर गेलेलं. मान, पदवी, जहागीर त्यांनीच दिलेली. मल्हारराव काही मोठे गुणी नव्हते, की त्यांच्यासाठी कुणी जीव टाकावा. इंग्रजांना काय हवं आहे, हे सहाही जणांना ठाऊक असणारच. मान डोलावली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं.

तिन्ही इंग्रजांनी सांगितलं : दोषी. तिन्ही हिंदी पंचांनी वेगवेगळे अभिप्राय लिहिले, पण मुख्य आरोप शाबीत झाला, असं एकानंही लिहिलं नाही. दिनकररावांनीही नाही. तीन विरुद्ध तीन!

मला स्वतःला वाटतं, की दिवाणगिरीच्या सगळ्या वर्षांपेक्षा हा एक कागद लिहिताना त्यांचा हात जड झाला असेल. कारभार वाईट असणं वेगळं आणि विष घालणं वेगळं. "हा नेहमीच असं करतो" हा काही पुरावा होत नाही.

मग मल्हारराव सुटले का? नाही. एप्रिल १८७५ मध्ये सरकारनं जाहीर केलं, की विषाच्या आरोपावरून नव्हे, तर वाईट कारभाराबद्दल त्यांना गादीवरून काढलं आहे. मल्हाररावांना मद्रासला नेऊन ठेवलं. तिथंच १८८२ मध्ये ते वारले. गादीवर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक आला. तेच सयाजीराव महाराज. त्यांनी पुढं १९०६ मध्ये साऱ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. माझ्यासारख्या शाळेतल्या बाईला त्यांच्याबद्दल लिहायला कितीही पानं द्या, पुरायची नाहीत! पण ते पुन्हा कधी.

दिनकरराव ९ जानेवारी १८९६ रोजी वारले.

गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरून एकीनं हात वर केला. "बाई, मग विष घातलं तरी कोणी?"

मी म्हटलं, "बाळ, सहा मोठी माणसं कित्येक दिवस बसली होती, त्यांचंही एकमत झालं नाही."

"आणि कंपासपेटी?"

ती अजून सापडलेली नाही.