जॉन कॉन्स्टंटीन: माणूस तोच, भीती वेगळी

‘हेलब्लेझर’ हे हॉरर कॉमिक १९८८ ते २०१३ चाललं, तब्बल ३०० अंक. नायक एकच, सिगारेटी फुंकणारा ब्रिटिश मांत्रिक जॉन कॉन्स्टंटीन. लेखक मात्र बदलत गेले. मग सुरुवात कुठून करायची? एकच प्रश्न विचारा: जॉनच्या चलाखीची किंमत कोण मोजतं?

पहिला लेखक जेमी डेलानो. त्याच्याकडे किंमत मोजतात मित्र. त्यांची भुतं जॉनची पाठ सोडत नाहीत. काळ थॅचरबाईंचा. तिसऱ्या अंकात तर १९८७ च्या निवडणुकीत सैतान चक्क शेअरसारखा आत्म्यांचा व्यापार करतात!

१९९१ मध्ये गार्थ एनिस आला आणि पावती थेट जॉनच्या नावावर फाटली: फुप्फुसाचा कॅन्सर. मग पठ्ठ्या एकच आत्मा नरकाच्या अनेक मालकांना विकतो. तो मेला तर त्यांच्यातच युद्ध पेटेल, म्हणून नाइलाजाने तेच त्याला बरं करतात.

ब्रायन अझारेलो जॉनला अमेरिकन तुरुंगात टाकतो. इथे जॉनच्या मनात काय चाललंय ते कळतच नाही. किंमत मोजतात इतर कैदी, आणि भीती वाटते ती जॉनचीच.

माझं मत? आधी एनिस वाचा, जॉन आवडायला लागेल. मग डेलानो वाचा, म्हणजे त्याच्याशी मैत्री किती महागात पडते ते कळेल.