उंबरठ्यावरची परीक्षा

सन २०२४ च्या अखेरीस युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घरदार सोडावे लागलेल्यांची संख्या जगात १२ कोटींच्या वर गेली होती. एवढा आकडा ऐकून मन बधिर होते, आणि बधिर मनाला दार लावून घेणे सोपे जाते. दुःखिताविषयी हळहळणे आणि त्याला घरात घेणे यांत फार मोठे अंतर आहे. ते कसे ओलांडले जाते हे दाखविणारी दोन उदाहरणे ख्रिस्ती करुणेच्या इतिहासातून वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागातील डोंगराळ पठारावर ल शांबों नावाचे गाव आहे. तेथील बहुसंख्य रहिवासी प्रोटेस्टंट, म्हणजे कॅथलिक फ्रान्समधील अल्पसंख्य. १६८५ साली चौदाव्या लुईने त्यांच्या पूर्वजांचे उपासनास्वातंत्र्य हिरावून घेतले. कित्येकांच्या वाट्याला कारावास व देशत्याग आला. ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. म्हणून १९४० साली फ्रान्सने जर्मनीपुढे हार पत्करली आणि ज्यूंवर संकट कोसळू लागले, तेव्हा छळ म्हणजे काय हे या गावाला शिकवावे लागले नाही.

त्याच हिवाळ्यात गावचे धर्मोपदेशक आंद्रे त्रोक्मे यांच्या दारी एक जर्मन ज्यू स्त्री आली. त्यांच्या पत्नी मॅग्दा यांनी तिला आत घेतले, जेवू घातले. तिच्यामागून आणखी आले. शेतकऱ्यांनी खोल्या दिल्या, शाळेने मुलांना सामावून घेतले, कोणी खोटी ओळखपत्रे तयार केली, कोणी स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सोबत केली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये अधिकाऱ्यांनी ज्यूंची यादी मागितली. त्रोक्मे यांनी नकार दिला. गावात आलेल्या पोलिसांच्या हाती फारसे कोणी लागले नाही. या धैर्याची किंमतही गावाने मोजली. त्रोक्मे यांचे आप्त दानिएल यांना १९४३ साली विद्यार्थ्यांसह पकडण्यात आले. पुढील वर्षी मायदानेकच्या छावणीत त्यांचा अंत झाला. परंतु गाव व आसपासचा परिसर यांच्या आश्रयाने काही हजार निर्वासित तगले.

दुसऱ्या उदाहरणासाठी इतके दूर जावयास नको. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० नंतरच्या दुष्काळात उपासमारीने गेले. पुढे रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्तोरस्ती भटकणाऱ्या मुली व विधवा यांना त्यांनी आपल्यासोबत आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय करण्यात आली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी त्या काळी मोठा वाद झाला. तो बाजूस ठेवूनही, भुकेलीला अन्न आणि निराधाराला शिक्षण व हाताला काम मिळाले हे कोणासही नाकारता येणार नाही.

या दोन्ही ठिकाणी करुणा भाषणांतून आली नाही. स्वतःच्या किंवा पूर्वजांच्या यातनांची आठवण जागी राहिली, आणि तिचे रूपांतर अंथरुणात, अन्नात आणि शाळेत झाले. आपल्या देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सहीही नाही. त्यामुळे आश्रयार्थ्याचे भवितव्य बरेचसे सरकारच्या धोरणावर आणि शेजाऱ्याच्या वृत्तीवर अवलंबून राहते. सरहद्दीची राखण सरकारने केलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु खोली भाड्याने देताना, मुलाला शाळेत घेताना, दवाखान्यात रांगेत उभे राहताना जी वागणूक द्यावयाची, ती नागरिकांच्याच हाती आहे.

दुष्काळाने, प्लेगने किंवा फाळणीने गाव सुटलेला एखादा पूर्वज या शहरातील बहुतेक घराण्यांत सापडेल. त्याला कोणीतरी ओसरीवर जागा दिली, म्हणूनच आज आपण आपल्या घरात आहोत. ते ऋण फेडण्याची वेळ येईल तेव्हा दाराला आतून कडी नसावी, एवढेच आमचे मागणे आहे.