बाजूला उभी राहणारी किम

बँडमध्ये पुढे उभा राहून गाणारा सर्वांना दिसतो. बाजूला उभे राहून वाजवणाऱ्यांची नावे फारशी कुणाला माहीत नसतात. अमेरिकेतील किम डील ही अशीच बाजूला उभी राहणारी कलावंत. गिटार, बेस आणि ड्रम ही तिन्ही वाद्ये ती वाजवते, गाते आणि गाणी रचते. तिचे क्षेत्र इंडी रॉक, म्हणजे बड्या कंपन्यांच्या आधाराशिवाय लहान कंपन्यांतून पुढे आलेले रॉक संगीत. पिक्सीज, ब्रीडर्स आणि अॅम्प्स अशा तीन बँडमध्ये तिने काम केले. तिची वाटचाल आपल्या घरातील मुलामुलींना सांगण्यासारखी आहे.

किमचा जन्म 1961 साली ओहायो राज्यातील डेटन शहरात झाला. कारखान्यांचे हे शहर. विमान उडवणारे राइट बंधू सायकलींचे दुकान चालवत ते याच गावात. किम आणि केली या जुळ्या बहिणी. दोघी लहान वयातच गाऊ-वाजवू लागल्या. पण केवळ संगीतावर पोट भरेल याची खात्री कुठे होती? किमने वैद्यकीय प्रयोगशाळेतील कामाचे शिक्षण घेतले.

एक छोटी जाहिरात

लग्नानंतर ती बोस्टनला आली. 1986 साली तेथील एका साप्ताहिकात जाहिरात आली : नव्या बँडला बेस वाजवणारा हवा. बेस म्हणजे जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. जाहिरात वाचून गेली ती एकटी किम. तीही बेस वाजवणारी नव्हती! बहिणीचा बेस घेऊन ती शिकली आणि पिक्सीज बँडमध्ये दाखल झाली.

1987 आणि 1988 सालच्या रेकॉर्डवर तिने स्वतःचे नाव दिलेच नाही. 'मिसेस' लावून नवऱ्याचे नाव छापायला सांगितले. नवऱ्याच्या नावाने ओळखले जाण्यातच बाईचा मान, असे एक बाई तिला म्हणाली होती. त्याला किमचे हे हसतहसत दिलेले उत्तर होते. बाईचे नाव कसे पुसले जाते, हे तिने रेकॉर्डच्या वेष्टनावरच दाखवून दिले.

पिक्सीजची बहुतेक गाणी ब्लॅक फ्रान्सिस लिहीत असे. किमच्या गाण्यांना जागा थोडी. मग तिने रुसून बसण्याऐवजी टान्या डोनेलीबरोबर ब्रीडर्स हा दुसरा बँड उभा केला. येथे ती गिटार वाजवू लागली आणि पुढे उभी राहून गाऊ लागली. त्यांचा 'पॉड' हा पहिला अल्बम 1990 साली आला.

1993 च्या जानेवारीत पिक्सीज संपल्याचे फ्रान्सिसने रेडिओवर जाहीर केले. किमला ते कळवले फॅक्सने! सहा-सात वर्षांच्या सोबतीचा हा निरोप. पण त्याच वर्षी ब्रीडर्सचा 'लास्ट स्प्लॅश' आला. त्यातील 'कॅननबॉल' गाणे गाजले आणि एकट्या अमेरिकेत अल्बमच्या 10 लाखांवर प्रती गेल्या. नोकरी सोडून बँडमध्ये आलेली केली त्यात गिटार वाजवत होती. तिला ती नीट येतही नव्हती. किमने शिकवली आणि वाजवता वाजवता ती तयार झाली.

यश आले, व्यसनही आले

यशाच्या ऐन भरात केली हेरॉईनच्या विळख्यात सापडली. पोलीस केस झाली, व्यसनमुक्ती केंद्र झाले. बँड थांबला. किमने सर्व वाद्ये स्वतःच वाजवून अल्बम करायचे ठरवले. पुढे साथीदार मिळाले आणि अॅम्प्स हा बँड झाला. त्याचा 'पेसर' हा अल्बम 1995 चा. ब्रीडर्सचा पुढचा अल्बम यायला 2002 साल उजाडले. मधल्या काळात किमलाही दारूने घेरले होते. तिनेही उपचार घेतले आणि ती बाहेर पडली. गुण कितीही असोत, व्यसन माणसाची उमेदीची वर्षे कशी खाते, याचे याहून ठळक उदाहरण कोणते?

याच काळात आईला विस्मरणाचा आजार जडला. प्रसिद्धी, मोठी शहरे मागे ठेवून किम डेटनला परतली आणि आईची शुश्रूषा करू लागली. एके दिवशी आईने तिचा हात धरून विचारले, तू माझीच का? पोटच्या मुलीला ती ओळखत नव्हती, पण माया शाबूत होती. यावरूनच किमने 'आर यू माइन?' हे गाणे रचले.

2004 पासून पिक्सीज पुन्हा एकत्र वाजवू लागले. 2013 साली किमने तो बँड सोडला. 2018 साली ब्रीडर्सचा नवा अल्बम आला. 2024 साली तरुण गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या कार्यक्रमांत ब्रीडर्सने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येही वाजवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात किमचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम निघाला. तेव्हा तिचे वय होते 63! एकेकाळी नवऱ्याच्या नावामागे दडून थट्टा करणाऱ्या बाईचे संपूर्ण नाव आता वेष्टनावर होते.

मुलगी पेटी शिकते, मुलगा तबला शिकतो, तेव्हा "यातून काय मिळणार?" असा प्रश्न घरात येतोच. किमने हाती दुसरे शिक्षण ठेवले, पण वाद्य सोडले नाही. एक वाद्य येत होते, गरज पडली तसे दुसरे शिकली. एक बँड मोडला, तर दुसरा उभारला. आईला गरज होती तेव्हा ती घरी थांबली आणि तेथून तिने गाणेही आणले. उशीर झाला म्हणून काही बिघडले नाही.